एका आकाशाचे शंभर फोटो

डिसेंबरच्या अंकात मी गच्चीवरून मृग नक्षत्राचे फोटो काढून ते एकावर एक चढवण्याबद्दल, म्हणजे स्टॅकिंगबद्दल लिहिलं होतं. आकाशाच्या एकाच तुकड्याचे बरेच फोटो ओळीने काढायचे, मग संगणकावर ताऱ्यांवर तारे बसवून सगळ्यांची सरासरी घ्यायची, एवढाच त्या लेखाचा गाभा. त्यावर इंदूर, देवास, ग्वाल्हेर आणि बडोद्याहून पत्रं आली. सारखे प्रश्न मी एकत्र केले आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण खरी मेख त्यातच आहे.

प्रश्न : ताई, मी सुदामानगरमध्ये राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दादाचा जुना डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स आहे. गच्चीवरून १८ वर ठेवून २० सेकंदांचा फोटो काढला की आकाश मातकट केशरी येतं आणि मोजकेच तारे दिसतात. मित्र म्हणतो, साठ फोटो स्टॅक कर, सगळं दिसेल. पण केशरी आकाश साठ वेळा एकमेकांवर चढवलं तर ते आणखी केशरी होणार नाही का? आणि शहराचा उजेड गाळणारा फिल्टर घ्यावा का?
— एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : तुझी शंका रास्त आहे. वर्षानुवर्षं स्टॅकिंग करणारेही हा प्रश्न स्वतःला विचारत नाहीत.

सरासरी घेतली की केशरी तेवढाच राहतो. वाढत नाही, कमीही होत नाही. कमी होतो तो रवाळपणा, ज्याला आपण नॉइज म्हणतो. तो येतो कुठून? प्रकाश सलग येत नाही, कणाकणाने येतो. एका पिक्सेलवर वीस सेकंदांत सरासरी ४०० फोटॉन पडायचे असतील तर एका फोटोत ३८५ पडतात, दुसऱ्यात ४१८, तिसऱ्यात ३९६. हा हेलकावा साधारणपणे एकूण संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. चारशेला वीस. कॅमेरा कितीही महागडा घेतलास तरी हा हेलकावा चुकत नाही, तो प्रकाशाच्या अंगचाच आहे.

आता सोयीचे आकडे घेऊन हिशेब करू. मृगातल्या तेजोमेघाच्या फिकट कडेवरून तुझ्या एका पिक्सेलवर २० सेकंदांत ४ फोटॉन येतात आणि शहराच्या उजेडाचे ४०० येतात असं धर. बेरीज ४०४, तिचं वर्गमूळ २०. म्हणजे तुला हवे असलेले ४ हे २० च्या हेलकाव्यात पार बुडालेले आहेत. असे १०० फोटो एकत्र केलेस की मेघाचे ४०० होतात, आकाशाचे ४०,००० होतात आणि हेलकावा होतो २०१. वीसाला चार होते, ते दोनशेला चारशे झाले. फोटो शंभरपट, स्पष्टता दहापट. वर्गमुळाचा हा हिशेब कुठलंही सॉफ्टवेअर बदलू शकत नाही. सोळा फोटोंना चारपट फायदा, चौसष्टला आठपट. पुढे पुढे रात्र खूप जाते आणि फायदा थोडाच होतो.

मग केशरीचं काय करायचं? सरासरीनंतर तो आकडा सगळीकडे जवळपास सारखा असतो, त्यामुळे वजा करून टाकता येतो. सिरिलसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन’ नावाची सोय आहे, ती हेच करते, आणि राजवाड्याच्या बाजूला आकाश जास्त उजळ नि दुसऱ्या बाजूला कमी, असा उतारही काढून टाकते. पण नीट लक्षात ठेव, केशरी रंग वजा होतो, केशरीने आणलेला हेलकावा वजा होत नाही. तो ४०,००० च्या वर्गमुळातून आलेला आहे, तो फोटोत राहणारच. हाच कॅमेरा आणि हीच लेन्स घेऊन तू २५ पट काळोख्या आकाशाखाली गेलास तर मेघाचे ४ आणि आकाशाचे १६, विसाचं वर्गमूळ साडेचार. एकाच फोटोत जवळजवळ बरोबरी. शंभर फोटोंत पंचेचाळीसला चारशे. एवढी स्पष्टता तुझ्या गच्चीवर मिळवायला जवळपास दोन हजार फोटो लागतील, म्हणजे शटर अकरा तासांहून जास्त उघडं.

म्हणून गच्चीवरून काय मागायचं ते ठरवून माग. मृगाचा तेजोमेघ, कृत्तिका, देवयानी दीर्घिकेचा उजळ गाभा, हे सगळं इंदूरच्या आकाशातूनही निघतं. आकाशगंगेचा धुरकट पट्टा मात्र निघणार नाही, त्यासाठी गावाबाहेर जावंच लागतं. फिल्टरबद्दलही तू विचारलं आहेस. रस्त्यांवर सोडियमचे दिवे होते तेव्हा त्यांचा उजेड बहुतांशी पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात असायचा आणि तो गाळता यायचा. पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो. तो गाळायला गेलास तर ताऱ्यांचा प्रकाशही गाळला जातो. ते पैसे पेट्रोलला ठेव.

रामबागेतल्या माझ्या गच्चीवरून काय दिसतं ते सांगते. ५० मिमीची लेन्स, तीन सेकंदांचा एक फोटो, मृगाच्या पट्ट्याखालच्या तीन ताऱ्यांवर मोठा करून बघितला तर मधला तारा थोडा फुगलेला, भोवती हिरवे-जांभळे दाणे. त्यात आकार शोधू गेलं तर दिसेल तो आकार आपल्याच डोक्यातला. शंभराच्या वर फोटो चढवले की त्याच जागी पंख उघडल्यासारखी गुलाबी पसरण येते, तिच्या एका बाजूला काळी खाच स्पष्ट होते, आणि वरच्या अंगाला एक वेगळा छोटा निळसर डाग सुटा दिसायला लागतो. ही खाच आणि हा डाग प्रत्येक फोटोत होतेच. सुमारे १,३०० वर्षांपूर्वी तिथून निघालेला प्रकाश तीन-तीन सेकंदांच्या हप्त्यांनी कॅमेऱ्यात जमा झाला होता, एवढंच की एका हप्त्यात तो वाचता येत नव्हता. स्टॅकिंग नवीन काही रंगवत नाही. दर वेळी तेच असतं ते ठेवतं आणि दर वेळी वेगळं असतं ते झिजवतं.

प्रश्न : ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं, तेवढे सेकंद शटर उघडं ठेवायचं, असं मी वाचलं. तरी ५० मिमीला माझे तारे रेघेसारखे येतात. शिवाय तुम्ही तीन सेकंद लिहिलेत, एवढ्या कमी वेळात काय मिळणार?
— एक वाचक, टिळकनगर, इंदूर

उत्तर : ५०० चा नियम मोठ्या म्हणजे फुलफ्रेम सेन्सरचा. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान (एपीएस-सी) असेल तर आधी लेन्सच्या मिलिमीटरला दीडने गुणायचं. ५० चे ७५ झाले, ५०० भागिले ७५ म्हणजे साडेसहा सेकंद. आणि हा नियम छापील फोटो हातभर अंतरावरून बघण्यापुरता बरा आहे. पृथ्वी फिरते त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकतो. २४ मेगापिक्सेलच्या लहान सेन्सरवर ५० मिमीची लेन्स लावली की एका पिक्सेलमध्ये जवळपास १६ विकला मावतात. म्हणजे सेकंदाला एक पिक्सेल. साडेसहा सेकंदांत सहा पिक्सेलची रेघ. मृगाच्या पट्ट्यातला एक तारा तर जवळपास विषुववृत्तावरच आहे, तिथे पूर्ण वेग लागतो. ध्रुवाजवळच्या शर्मिष्ठेला जास्त वेळ चालतो. मृगाला मी तीन सेकंदांच्या वर जात नाही.

कमी वेळाची भीती शहरात बाळगू नका. कॅमेरा दर फोटो वाचताना स्वतःचा थोडा नॉइज घालतो, म्हणून फार छोट्या फोटोंचा तोटा असतो हे खरं. पण शहराचा उजेड त्या नॉइजवर लवकर मात करतो. फोटोच्या हिस्टोग्राममधला, म्हणजे कॅमेरा दाखवतो त्या उजेडाच्या आलेखातला डोंगर डाव्या भिंतीपासून सुटा झालेला दिसला की पुरे. तो सुटला नाही तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, वाढवा. मी १,६०० वर ठेवते. आयएसओ वाढवून प्रकाश जास्त येत नाही, पण वाचतानाचा नॉइज बहुतेक कॅमेऱ्यांत कमी होतो.

प्रकाश जास्त आणते ती लेन्सची तोंडरुंदी. ५० मिमी लेन्सचं ॲपर्चर (लेन्सचे मिलिमीटर भागिले तोंडरुंदी) २.८ वर ठेवलं तर तिचं तोंड जवळपास १८ मिमीचं होतं. सोबतची लेन्स १८ वर, ३.५ ला ठेवली तर पाच मिमीच्या जरा वर. क्षेत्रफळात बारापट फरक. सेकंडहँड ५० मिमी १.८ ही या छंदातली पहिली खरेदी असावी असं माझं ठाम मत आहे. ती पूर्ण १.८ वर उघडू नका, कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात.

आणि फोकस. निम्मी रात्र इथेच वाया जाते. व्याधाचा तारा मध्ये आणा, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करा, ऑटोफोकस बंद करा आणि रिंग अगदी केसभर फिरवत राहा. तारा आधी पुरीएवढा, मग चण्याएवढा, मग टिंब. टिंबाच्या पुढे गेलात की तो पुन्हा फुगतो आणि कडेला रंग चढतो. मागे या, टिंबावर थांबा, आणि रिंगवर सेलोटेपचा तुकडा डकवा. फोटो रॉ मध्येच घ्या, म्हणजे सेन्सरने टिपलेले आकडे जसेच्या तसे राहतात. जेपीईजीमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या, चौदा बिटच्या रॉ मध्ये १६,३८४. आपण जे शोधतोय ते त्या मधल्या पायऱ्यांवर आहे. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा, नाहीतर तो प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ खातो.

प्रश्न : मे महिन्यात काढलेल्या फोटोंत लाल-निळे ठिपके आले. स्टॅक केल्यावर ते जायच्या ऐवजी तिरक्या रेघा झाले. डार्क फ्रेम म्हणतात त्या घ्याव्या लागतील का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : हो, आणि ग्वाल्हेरच्या मे महिन्यात तर नक्कीच. सेन्सर तापला की अंधारातही पिक्सेलमध्ये विद्युतभार साचतो. तापमान सहा-सात अंशांनी वाढलं की तो साधारण दुप्पट होतो. डिसेंबरच्या थंडीत जो ठिपका दिसतही नाही तो मे महिन्यात लाल दिव्यासारखा पेटतो. हा नॉइज हेलकावा नव्हे, हा प्रत्येक फोटोत त्याच पिक्सेलवर बसलेला असतो, म्हणून सरासरीने जात नाही. संगणक तारे जुळवायला फोटो सरकवतो तेव्हा ठिपकेही सरकतात, आणि त्यांची रेघ होते.

लेन्सला टोपी घाला, तोच आयएसओ, तेवढाच शटर, आणि वीस-तीस फोटो घ्या. कधी घ्यायचे हे महत्त्वाचं. मूळ फोटो संपल्याबरोबर, त्याच जागी, त्याच उकाड्यात. दुसऱ्या दिवशी कूलरच्या हवेत घेतलेल्या डार्क फ्रेम त्या रात्रीच्या ठिपक्यांशी जुळत नाहीत. याहून सोपा उपाय म्हणजे दर दहा-वीस फोटोंनंतर कॅमेरा किंचित इकडे-तिकडे वळवायचा. मग तारे जुळवताना ठिपके प्रत्येक वेळी वेगळ्या जागी पडतात आणि वेगळे पडतात म्हणून गाळले जातात. ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर नसेल तर पंधरा-वीस मिनिटांनी नक्षत्र परत मध्ये आणावं लागतंच, त्याच वेळी हेही साधतं.

फ्लॅट फ्रेमबद्दल दोन ओळी. लेन्सच्या कडांचा काळोख आणि सेन्सरवरच्या धुळीचे डाग घालवायला त्या लागतात. पांढरं धुतलेलं सुती कापड लेन्सवर ताणून धरा, संध्याकाळच्या आकाशाकडे तोंड करा, वीस फोटो घ्या. मात्र फोकस आणि ॲपर्चर रात्रीचेच हवेत. म्हणून मी त्या पहाटे घेते, उजाडताना, सेलोटेप काढायच्या आधी.

प्रश्न : माझ्याकडे कॅमेरा नाही, मोबाइल आहे. नातीला तारे दाखवायचे आहेत. जमेल का?
— एक वाचक, देवास

उत्तर : जमेल. गूगलने २०१९ मध्ये पिक्सेल ४ या फोनमध्ये तारांगणाचा मोड आणला, तो हेच करतो. सोळा सेकंदांपर्यंतचे पंधरा फोटो घेतो, चार मिनिटांत स्वतःच एकमेकांवर बसवतो. आता इतर कंपन्यांच्या बऱ्याच फोनमध्येही अशी सोय असते. फोन हातात धरायचा नाही. गच्चीच्या कठड्यावर दोन विटांत नीट अडकवा, तीन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही. नातीला आधी कृत्तिकांचा झुबका डोळ्यांनी मोजायला सांगा, मग फोटोत मोजायला सांगा.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र आकाशगंगेचा फोटो काढायला जाणार आहोत. इंदूरहून कुठे जावं आणि कधी? पावसाळ्यात सुटी असते.
— एक वाचक, महू

उत्तर : पावसाळा सोडा. आकाशगंगेचा उजळ गाभा धनु-वृश्चिकाकडे आहे. ऐन पावसाळ्यात तो संध्याकाळपासून दिसतो, आणि नेमकं तेव्हाच आपल्या माळव्यावर ढग असतात. आपल्यासाठी दोनच हंगाम. एक मार्च ते मे, अर्ध्या रात्रीनंतर. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गाभा रात्री सव्वाअकराच्या आसपास आग्नेयेला उगवतो आणि पहाटे चारनंतर दक्षिणेला सर्वांत वर येतो, क्षितिजापासून ३८ अंशांवर. युरोपातल्या लोकांना हा क्षितिजाला घासून जाताना दिसतो, आपण त्या बाबतीत फार नशीबवान आहोत. दुसरा हंगाम ऑक्टोबरचा, पाऊस उलगडल्यावर, अंधार पडल्या पडल्या नैर्ऋत्येला. तेव्हा तो कलता असतो, पण हवा धुऊन निघालेली असते. एप्रिलमध्ये गव्हाची कापणी झाली की शेतांत नरवाई, म्हणजे मागे उरलेले खुंट, जाळतात, त्या धुराने क्षितिजाजवळचे दहा-पंधरा अंश जातात. त्यामुळे दोन्ही हंगामांत एक निवडायला सांगाल तर मी ऑक्टोबरची अमावास्या निवडीन, दिवाळीची सोडून.

जागा निवडताना एकच गोष्ट बघा: शहर पाठीमागे, म्हणजे उत्तरेला राहिलं पाहिजे, कारण तुमचा कॅमेरा दक्षिणेकडे असणार. इंदूरच्या उत्तरेला उज्जैनच्या वाटेवर कितीही लांब गेलात तरी समोर इंदूरचाच उजेड येईल. महूच्या पुढे घाट उतरून निमाडात जा, महेश्वरच्या बाजूला. विंध्याचा कडा पाठीशी राहतो आणि इंदूर-पीथमपूरचा उजेड त्याच्यामागे. मांडूचं दक्षिणेकडचं टोकही छान आहे. शेतात उतरणार असाल तर दिवसा जाऊन मालकाला विचारून या. रात्री बॅटऱ्या घेऊन शेतात फिरणारी चार अनोळखी माणसं कुणालाही आवडत नाहीत. आणि हिवाळ्यात जाल तेव्हा लेन्सवर दव बसतं. तासाभरात सगळे तारे फुगलेले दिसायला लागले की फोकस बिघडला असं समजू नका, आधी काच बघा. बॅटरीवर चालणारा गरम पट्टा मिळतो, तो लेन्सभोवती सुरुवातीपासूनच बांधा.

प्रश्न : ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिन्शान-ॲटलास धूमकेतूचे चाळीस फोटो स्टॅक केले. तारे टोकदार आले, धूमकेतूच पुसट झाला. असं का?
— एक वाचक, राऊ

उत्तर : धूमकेतू ताऱ्यांमधून सरकत होता. तारे जुळवले की तो पुसतो, तो जुळवला की तारे रेघा होतात. दोनदा स्टॅक करा, एकदा ताऱ्यांवर, एकदा धूमकेतूच्या डोक्यावर, मग दोन्ही एकत्र करा. डीपस्कायस्टॅकरमध्ये धूमकेतूची वेगळी सोय आहे. प्रत्येक फोटोत त्याचं डोकं तुम्ही दाखवून द्यायचं. मूळ रॉ फोटो ठेवले असतील तर आजही होईल.

प्रश्न : मांडूच्या रूपमती मंडपावर आकाशगंगा, असे फोटो लोक टाकतात. स्टॅक करून जोडलेले असतात म्हणे. मग ते खोटेच ना?
— एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : स्टॅक केलेला फोटो खोटा नसतो, हे मी पहिल्या उत्तरात सांगितलं. तारे जुळवताना जमीन पुसट होते, त्यामुळे आकाश आणि जमीन वेगवेगळी स्टॅक करून जोडावी लागतात. सिक्वेटर नावाचं फुकट सॉफ्टवेअर जमीन स्थिर ठेवून हे आपोआप करतं. एकाच जागेवरून, एकाच दिशेला, त्याच रात्री घेतलेलं असेल तर मला ते पूर्ण मान्य आहे. दुसऱ्या रात्रीचं आकाश आणून लावलं तर ते चित्र झालं. चित्रही सुंदर असू शकतं, पण खाली तसं लिहावं. न लिहिणाऱ्यांचा मला राग येतो, कारण ते फोटो बघून मुलं त्या जागी जातात, त्यांना तसं काहीच दिसत नाही आणि ती आकाशालाच कंटाळतात.

ओळखायचं कसं? दिशा तपासा. रूपमती मंडप मांडूच्या दक्षिण कड्यावर आहे, खाली निमाडचं मैदान. मंडपाच्या उत्तरेकडून बघणाऱ्याला त्याच्यामागे आकाशगंगेचा गाभा दिसू शकतो, त्यामुळे तसा फोटो शक्य आहे. रात्री वास्तूच्या आवारात परवानगीशिवाय जाता येत नाही, तो प्रश्न वेगळा. पण उत्तरेकडे बघून काढलेल्या फोटोत इमारतीमागे, ध्रुवाच्या जागी वृश्चिकाची नांगी दिसली तर तो फोटो जोडलेलाच. आपल्याकडे वृश्चिकाची नांगी, म्हणजे मूळ नक्षत्र, उत्तर क्षितिजावर कधीच येत नाही.

प्रश्न : मी कारखान्यात टर्नर होतो, आता निवृत्त आहे. ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र घरी करता येईल का? विकतचं महाग आहे.
— एक वाचक, बडोदा

उत्तर : तुमच्यासारख्या लेथवर हात बसलेल्या माणसाने ते जरूर करावं. दोन फळ्या, मध्ये एक न हलणारी चांगली बिजागरी, आणि एम-६ चा बोल्ट, ज्याचा आटा एक मिलिमीटरचा असतो. बिजागरीच्या मध्यापासून बोल्टचा मध्य २२८.५ मिलिमीटरवर घ्या. बोल्ट मिनिटाला बरोबर एक फेरा फिरवला की वरची फळी ताऱ्यांच्या वेगाने उघडते. हा आकडा कुठून आला ते बघा: पृथ्वी ताऱ्यांच्या हिशेबाने २३ तास ५६ मिनिटांत, म्हणजे १,४३६ मिनिटांत एक फेरा पुरा करते. मिनिटाला एक मिलिमीटर सरकायचं तर पूर्ण वर्तुळाचा परीघ १,४३६ मिलिमीटर हवा, त्याला दोन पायने भागा. बोल्ट सरळ असल्याने वेळ जाईल तसा वेग चुकत जातो, पण ५० मिमी लेन्सला दहा मिनिटं बिनधास्त चालतं. मग बोल्ट मागे घ्या, परत सुरू करा. हाताने फिरवत असाल तर दर पंधरा सेकंदांना पाव फेरा.

बिजागरीची रेषा ध्रुवाकडे रोखायची. उत्तरेला तोंड करून उभं राहिलात की बिजागरी डाव्या हाताला, आणि उजवी कड वर उचलली जायला हवी. बडोद्याला चढ २२.३ अंशांचा, ग्वाल्हेरला २६ च्या थोडा वर. आपल्या उज्जैनच्या वेधशाळेत सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेलं सम्राट यंत्र बघितलं असेल तर त्याची तिरपी भिंत याच नियमाने उभी आहे, तिथल्या अक्षांशाएवढी कलती, ध्रुवाकडे रोखलेली. एकदा जाऊन त्या भिंतीच्या शेजारी उभे राहा, तुमच्या फळ्यांची जागा लगेच कळेल.

यंत्राने तीनऐवजी चाळीस-पन्नास सेकंदांचे फोटो घेता येतील. शहरात मात्र तेवढ्यात आकाश पांढरं होतं, त्यामुळे याचा खरा उपयोग गावाबाहेरच.

प्रश्न : आजी, मी आठवीत आहे. १४ डिसेंबरच्या पहाटे बाबांबरोबर खूप फोटो काढले. दोन फोटोंत उल्का होत्या आणि एकात उपग्रहाची लांब रेघ. स्टॅक केल्यावर रेघ गेली, पण माझ्या उल्कापण गेल्या!
— एक विद्यार्थी, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : दोन्ही एकाच कारणाने गेल्या. सॉफ्टवेअर प्रत्येक पिक्सेलसाठी सगळ्या फोटोंतले आकडे शेजारी ठेवतं, आणि एखादा आकडा बाकीच्यांपासून फारच लांब असला तर त्याला बाहेर काढतं. याला सिग्मा क्लिपिंग म्हणतात. विमानं, उपग्रह, गच्चीवरून कुणी मारलेली बॅटरी, सगळं याने जातं. पण संगणकाला उपग्रह कुठला आणि उल्का कुठली ते कळत नाही. दोन्ही एकदाच आलेल्या उजळ रेघा.

म्हणून उल्का तू स्वतः परत ठेवायची. ते दोन फोटो वेगळे काढ. स्टॅक करताना जो फोटो आधार म्हणून निवडला होतास त्याच्याशीच हे दोन्ही जुळवून घे, म्हणजे तारे ताऱ्यांवर बसतील. मग जिंपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅकच्या वर एकेक थर म्हणून ठेव, ‘लायटन’ मोड लाव, आणि उल्केची रेघ सोडून बाकी सगळं मास्कने झाक. रेघ तिच्या खऱ्या जागी बसेल. थोडी सरकवून जास्त छान दिसत असली तरी सरकवू नकोस.

आणि एक तपासणी कर. डिसेंबरातल्या या मिथुन उल्का फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या वाटेवरच्या धुळीतून येतात, आणि सगळ्या पुनर्वसूच्या दोन ठळक ताऱ्यांजवळच्या एकाच बिंदूतून निघाल्यासारख्या दिसतात. तुझ्या प्रत्येक रेघेला पट्टी लावून ती मागे वाढव. पुनर्वसूकडे गेली तर ती मिथुन उल्का. दुसरीकडेच गेली तर ती एखादी सुटी उल्का असेल. फोटोखाली तारीख, वेळ, किती फोटो चढवले आणि उल्का कुठल्या फोटोतून घेतल्या ते लिही, आणि ते दोन मूळ फोटो पुसू नकोस.